गॅरंटी कार्डांचा फोल्डर

१

माझ्या नावाने कुणीतरी वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होतं. हे मला कळलं ते कॉम्प्युटर दुरुस्त होऊन परत आला त्या सकाळी.

मी डोळे बनवते. खोटे डोळे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो, त्यांच्यासाठी. काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, पांढऱ्यावर लाल रेशमाचे धागे पिंजून शिरा बसवायच्या, वर पारदर्शक थर चढवायचा, शिजवायचं, घासायचं, आणि समोरचा माणूस रडायला लागला की नजर दुसरीकडे वळवायची. तीन खोल्यांची कार्यशाळा आहे. पुढे गिऱ्हाईक बसतं, मधल्या खोलीत खिडकीशी रंगकाम चालतं, मागे पॉलिशचं मशीन घरघरतं. कॉम्प्युटर मधल्या खोलीच्या कोपऱ्यात.

तो बरेच दिवस आचके देत होता. शेवटी संगणकवाल्याने सगळं पुसून नव्याने बसवलं. आमचा जुना मेलचा प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालेना, म्हणून त्याने नवा घातला आणि जुन्या मेल त्यात आणून ओतल्या. "सगळं जसंच्या तसं आहे," असं म्हणून तो गेला. ते खोटं होतं, पण तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मी उघडलं तर सगळ्यात वर मास्तरांची मेल.

मास्तर म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते. आमच्या धंद्यात त्यांच्यापुढे दुसरं नाव नाही. मी वेगळी झाले, स्वतःची कार्यशाळा काढली, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं लिहिणं थांबलं. रंग आणि रेशीम आम्ही त्यांच्याकडूनच मागवतो, त्याच्या कोरड्या पावत्या तेवढ्या येत. म्हातारा रुसला, असं मी धरून चालले होते. आणि आता ही मेल:

"पोरी, ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात ये. मी खुर्ची सोडतोय. नमुन्यांची कपाटं, साचे, जागा, सगळं तुझ्या हवाली करायचं आहे. तपकिरीबद्दल मागच्या पत्रात जे विचारलंस त्याचं उत्तर लिहून देता येणार नाही, समोर बसवून दाखवावं लागेल. येतेस ना, तेवढं कळव. इथे दोघंजण टपून बसले आहेत."

मास्तरांची खुर्ची. त्या खुर्चीसाठी मी माझा उरलेला जन्म गहाण टाकला असता. पण ठरलं कुणाशी? मागचं पत्र कुठलं?

डाव्या बाजूला फोल्डरांची यादी होती. त्यात 'गॅरंटी कार्डं' नावाचा एक फोल्डर. जुन्या प्रोग्राममध्येही तो होता, रिकामा, कुणी ढुंकून पाहत नसे. आता तो भरलेला दिसत होता. मी उघडला. वरपासून खालपर्यंत मास्तर. सगळ्या मेल उघडून वाचलेल्या. आणि जवळजवळ प्रत्येकीसमोर वळलेल्या बाणाची ती खूण, उत्तर दिल्याची.

मी एकालाही उत्तर दिलं नव्हतं. मी त्यातली एकही मेल आयुष्यात पाहिली नव्हती.

२

नवऱ्याने आधी संगणकवाल्याला धारेवर धरलं. आमचा माल, पार्सलं, हिशेब हे सगळं तोच बघतो, त्यामुळे कॉम्प्युटरवर आपली मालकी आहे असं त्याला वाटतं.

"कुणाच्या मेल आमच्यात मिसळल्यास?"

"साहेब, मी हमाल आहे. इथलं सामान तिथे ठेवलं. तुमच्या सामानात काय निघालं ते मला विचारू नका."

कोपऱ्यात आत्या बसली होती. माझ्या वडिलांची बहीण. गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे आली होती आणि गुडघा बरा झाला तरी जायचं नाव काढत नव्हती. नोकरीत होती तेव्हा विमा कंपनीसाठी दावे तपासायची. गोदाम जळलं की ही पोचायची, आणि राखेकडे न बघता मालकाच्या बायकोशी गप्पा मारत बसायची. कंपनीचे किती पैसे तिने वाचवले कोण जाणे, पण तिच्यावर जीव ओवाळून टाकणारा एकही माणूस तिने मागे ठेवला नाही.

"तू हमाल आहेस ना," आत्या त्याला म्हणाली, "मग रिकाम्या पेटीतून सामान कसं निघालं ते सांग."

तो जरा नरमला. "पेटी रिकामी नव्हती, दिसत होती. त्या जुन्या प्रोग्राममध्ये मेल काढून टाकली तरी ती लगेच जात नाही. वर झाकण पडतं, एवढंच. फाइल आवळायची एक सोय असते, ती वापरली की मग खरी जाते. इथे कुणी कधी वापरली नाही. नव्या प्रोग्रामला ती झाकणं कळत नाहीत. त्याने दिसेल ते उचललं."

"म्हणजे ज्याने काढल्या त्याला वाटलं, गेल्या."

"शंभरातल्या नव्याण्णवांना तसंच वाटतं."

"आणि दिलेली उत्तरं कुठे आहेत?"

"पाठवलेल्याची प्रत ठेवू नका, असं सांगता येतं. तसं सांगितलेलं दिसतंय."

"बरं. इतकी वर्षं ही पत्रं त्या पेटीत जात होती, तर आजचं बाहेर कसं पडलं?"

त्याने जुन्या प्रोग्रामचा सगळा संच डिस्कवर जपून ठेवला होता. तो लावला, थोडी खुडबूड केली, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "मेल नव्या घरात येतात, पत्ते येतात. नियम येत नाहीत, ते मागेच राहतात. हा तुमचा नियम." त्याने वाचून दाखवलं: मास्तरांच्या पत्त्यावरून मेल आली तर ती परस्पर 'गॅरंटी कार्डं'मध्ये टाकायची. अपवाद एकच. विषयात 'माल' असं असेल तर इनबॉक्समध्ये राहू द्यायची.

मागे मशीन घरघरत होतं.

"म्हणजे पावत्या यायच्या," आत्या म्हणाली, "त्यामुळे पत्ता बंद झालाय असा संशयही यायचा नाही. डोकं आहे." आणि तिने मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "जावईबापू, माल कोण मागवतं म्हणालात?"

३

आत्याने त्याला पुढच्या खोलीत बसवलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मला दाराशी उभं केलं. "तू बोलू नकोस. तू बोललीस की तो नवरा होतो. मला माणूस हवाय."

"मी केलेलं नाही," तो म्हणाला.

"विचारलं कुठे? मास्तर तुम्हाला आवडायचे?"

तो हाताची नखं बघायला लागला. "आवडायचे कसे? लग्न झालं तेव्हापासून ऐकतोय. मास्तर असं म्हणायचे, मास्तर तसं करायचे. जेवताना मास्तर, फिरायला गेलं तरी मास्तर. माझ्या वाढदिवसाला हिने मला सांगितलं की मास्तरांना निळा रंग आवडतो. आत्या, मला हेवा वाटायचा. म्हाताऱ्याचा. सांगायला लाज वाटते."

"पत्रं थांबल्यावर?"

"बरं वाटलं. घर माझं झाल्यासारखं वाटलं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्यावरून कुणीतरी इतकी वर्षं जळत होतं, आणि मला वास आला नव्हता.

"नियम तुम्ही बनवलात?"

"नियम म्हणजे काय ते मला आत्ता त्याने सांगितलं तेव्हा कळलं."

"असं सगळेच म्हणतात," आत्या म्हणाली. "जा तुम्ही."

मग तिने धाकटीला हाक मारली. धाकटी माझी बहीण. मागे पॉलिशचं काम करते आणि गिऱ्हाइकाच्या खोबणीत डोळा बसवून देते. आम्ही दोघी एकत्रच मास्तरांकडे शिकायला गेलो होतो. तिला त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच हाकललं. 'हे वेल्डरचे हात आहेत,' सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हापासून तिने ब्रश धरला नाही. मी कार्यशाळा काढली तेव्हा मीच तिला बोलावून घेतलं.

ती दारातच उभी राहिली. हातांना घासायच्या प्यूमिस दगडाची पांढरी पूड. "लवकर विचार, आत्या. मशीन गरम आहे."

"मास्तरांची पत्रं सापडलीत."

"त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस."

"कॉम्प्युटर वापरतेस?"

"हे असे हात घेऊन? ताई कळफलकाला हात लावू देईल मला?" ती हसली. "जाऊ मी?"

आत्याने तिला जाऊ दिलं. ती गेली त्या दिशेने बघत राहिली, आणि मला म्हणाली, "आता ती पत्रं काढ. सगळी. मला चष्मा दे."

४

दुपारभर आम्ही वाचत होतो. आत्या मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायची. प्रत्येक पत्र 'पोरी'ने सुरू व्हायचं.

ती पत्रं सुंदर होती. म्हाताऱ्याने मला समोर बसवून जे कधी सांगितलं नाही ते सगळं त्यात होतं. लहान मुलाचं बुबुळ सपाट का दिसतं. शिरा कडेपासून आत का ओढायच्या, आतून बाहेर का नाही. थकलेल्या माणसाचा पांढरा किती पिवळा असावा, आणि तो रंगवताना त्या माणसाला खोटं का बोलायला लावावं. ते सगळं माझं होतं. माझ्या पत्त्यावर आलेलं. कुणीतरी माझ्या ताटातून जेवत होतं आणि मला पावत्या चाटायला ठेवल्या होत्या.

"हे बघ," आत्या थांबली. "'तपकिरी शिजवल्यावर हिरवट पडतो म्हणतेस. पडणारच. खाली जांभळ्याचा एक पातळ हात दे, वाळू दे, मग तपकिरी चढव.' आणि पुढच्यात, 'जांभळा जास्त झाला असेल, मधोमध काळपट दिसतंय म्हणजे. पाण्याइतका पातळ कर.' काय कळलं?"

"जांभळ्यावर तपकिरी. मला माहीत नव्हतं."

"ते सोड. उत्तरं देणाऱ्याने ते करून पाहिलं होतं. चुकलं, विचारलं, परत केलं. जावईबापूंना तपकिरी हिरवट पडतो हे ठाऊक असेल?"

"त्याला तपकिरी मोजे आणि काळे मोजे वेगळे ओळखू येत नाहीत."

"मग ते सुटले." तिने चष्मा काढला. "इथे ब्रश कुणाच्या हातात असतो? तू सोडून."

मी मान वर केली. सकाळचं हॉस्पिटलचं काम आटपून रंगारी नुकताच खिडकीशी पाठमोरा बसला होता.

त्याच्याबद्दल सांगायला हवं. चित्रकलेच्या शाळेतून थेट माझ्याकडे आला. सुरुवातीला सामान्य होता, मान खाली घालून काम करायचा, मला बरा वाटायचा. मग हळूहळू त्याचं तपकिरी बुबुळ असं उतरायला लागलं की हॉस्पिटलवाले फोनवर सांगायचे, "तपकिरी असेल तर तुमच्या त्या मुलाकडून करून घ्या." तुमच्या त्या मुलाकडून. पाटीवर नाव माझं. मी हसून 'हो हो' म्हणायची, फोन ठेवायची आणि दिवसभर त्याच्या प्रत्येक चकतीत खोट काढायची. सापडायची नाही. मग आणखी राग यायचा.

"त्याचं काम कधी सुधारलं?" आत्याने हळूच विचारलं.

मला विचार करावा लागला नाही. मत्सराला तारखा पाठ असतात. मी सांगितलं. आत्याने जांभळ्याच्या पत्रावरची तारीख पाहिली. पत्र त्याच्या थोडं आधीचं होतं.

मी उठले, रंगाऱ्याच्या ट्रेमधून एक अर्धवट चकती उचलली आणि भिंगाखाली धरली. तपकिरीच्या कडेला, जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे, खालचा थर उघडा होता. पाण्याइतका पातळ.

जांभळा.

५

"चोरा," मी म्हणाले.

तो दचकून वळला. त्याला वाटलं असावं की मी चकतीबद्दल बोलतेय. "बिघडली का मॅडम?"

"माझ्या नावाने पत्रं लिहितोस. माझ्या मास्तरांकडून माझ्या नावावर शिकतोस, आणि माझ्याच गिऱ्हाइकांपुढे मिरवतोस."

"कुठली पत्रं?"

"मी हिला बोलायला सांगितलं नव्हतं," आत्या त्याला म्हणाली, जणू माझ्या वतीने माफी मागत होती. स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली. "बाळ, हा जांभळा तुला कुणी शिकवला?"

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग परत माझ्याकडे. माणूस खोटं बोलायच्या तयारीत असला की एकाच ठिकाणी बघतो, असं आत्या नेहमी म्हणते. हा चहूकडे बघत होता.

"मॅडमनीच," तो म्हणाला.

"मी?"

"म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत, निरोप दिलात. धाकट्या ताई येऊन सांगायच्या. 'ताई म्हणतेय जांभळा लावून बघ.' मी लावायचो. त्या चकती शिजवून, घासून बघायच्या, म्हणायच्या, 'ताई म्हणतेय मधे काळपट दिसतंय, पातळ कर.' सगळं तसंच शिकलो मी. शिरासुद्धा. लहान मुलांचे डोळेसुद्धा." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी एकदा म्हणालो होतो, मॅडम समोरच बसतात, मीच विचारतो. तर त्या म्हणाल्या, नको. तिला स्वतः शिकवायला कमीपणा वाटतो. तू सुधारलेला तिला बघवत नाही, तरी आतून तिला तुझी काळजी आहे. म्हणून मी कधी आभारही मानले नाहीत. मानू का आता?"

'तू सुधारलेला तिला बघवत नाही.' एवढं तरी तिने खरं सांगितलं होतं.

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. कधी थांबलं ते कळलं नाही.

६

धाकटी मशीनपुढच्या स्टुलावर बसून होती. आम्हाला पाहून उठली नाही.

"मी हरले असं म्हणू का," ती आत्याला म्हणाली, "की तू आधी तुझं ते सगळं जोडून दाखवणार आहेस?"

"दाखवते, सवय आहे," आत्या म्हणाली. "नियम बनवणाऱ्याला पावत्यांची भाषा माहीत होती. ती या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण माल आला की जावईबापू ओरडतात. उत्तरं देणाऱ्याला ब्रशची भाषा माहीत होती. ती तिघांना. थोरलीला जांभळा माहीत नव्हता, तिचा चेहराच सांगत होता. मुलाला जांभळा माहीत होता, पण कुठून आला ते माहीत नव्हतं. मग मधे एकच माणूस उरतो. ज्याने ब्रश सोडलाय, पण विचारणं सोडलेलं नाही. आणि प्रत्येक चकती शिजल्यावर ज्याच्या हातून जाते, त्यालाच ती हिरवट पडलेली दिसते."

"बरोबर."

"कॉम्प्युटरला हात लावत नाही म्हणालीस."

"तुमच्यासमोर लावत नाही. ही सगळी हॉस्पिटलच्या फेरीला, पार्सलं द्यायला, जेवायला बाहेर पडली की हात धुवून लावते."

"का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी मी तिची वस्तू घेतली की जशी बघायची तशी. "एकदा स्क्रीनवर त्यांची मेल उघडी होती. दोन पानं लिहिली होती त्यांनी तुला, नुसती शिरांवर. आणि खाली तुझं उत्तर. 'धन्यवाद मास्तर, तब्येतीला जपा.' माझ्या अंगाची लाही झाली, ताई. मला ज्याने चारचौघांत हाकललं त्याची दोन पानं. त्यांच्यासाठी मी हे वेल्डरचे हात तोडून दिले असते. आणि तू, तब्येतीला जपा."

"म्हणून चोरी करायची?"

"तुला हवं ते मला कधी मिळालंय सांग. घर तुझं, नवरा तुझा, पाटी तुझी. मी तुझे डोळे घासते. लोक रडतात ते तुझ्या गळ्यात पडून, मी पाणी आणते. म्हटलं, ही एक गोष्ट तू टाकूनच दिली आहेस, ती मी उचलते."

"स्वतःच्या नावाने लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं. आधी. याच पत्त्यावरून, खाली माझं नाव घालून." तिने हाताची पूड मांडीवर झटकली. "उत्तर आलं नाही. तुझं नाव लावलं, दुसऱ्या दिवशी आलं."

"आणि खुर्ची?" मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात जाणार कशी होतीस? माझं तोंड लावून?"

"माहीत नाही. 'येते' लिहून बसले होते. रोज वाटायचं, काहीतरी कारण सांगून नाही म्हणावं. मग वाटायचं, त्या दारापर्यंत तरी जाऊ. दार उघडलं की काय व्हायचं ते होऊ दे." तिने मान फिरवली. "आता तू जा. पत्र तुझ्या नावावरच आहे."

बाहेर आल्यावर मी आत्याला म्हणाले, "ऐकलंस ना? हिला काय करू?"

"मी दावे तपासायची," आत्या म्हणाली. "चोरी झाली, हे सिद्ध आहे. पण जे गेलं ते तुझं होतं का, हे विचारशील तर मी सही करणार नाही." आणि ती गुडघा चोळत पुढच्या खोलीत निघून गेली.

७

मी लगेच लिहायला बसले. राग निवायच्या आत.

"मास्तर, ही पत्रं मी लिहिलेली नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या नावाने लिहिली. जिला तुम्ही हाकललंत तीच. फसवणूक माझी झाली तशी तुमचीही झाली आहे. मला आजच कळलं. मी मात्र पुढच्या आठवड्यात यायला तयार आहे."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते मला आवडलं. पाठवून दिलं.

त्या रात्री नवरा माझ्यापुढे ताट ठेवून लांब जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो पार्सलं घेऊन बाहेर पडला, रंगारी जेवायला गेला, आत्या पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत डुलक्या घेत होती. मागे धाकटी एका लहान मुलीचा डोळा घासत होती, संध्याकाळी बसवायचा होता. मी मेल उघडली. उत्तर आलं होतं.

"मी दुसऱ्याच पत्रात ओळखलं होतं. तू माझ्याकडे होतीस तेव्हा सांगितलं ते सगळं केलंस, अगदी नीट केलंस, आणि एकदाही 'का' विचारलं नाहीस. ही दर ओळीत 'का' विचारते. हात नाहीत म्हणून मी तिला हाकललं. हात पगारावर मिळतात, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. तिने स्वतःच्या नावाने लिहिलं होतं तेव्हा उत्तर द्यायला मला तोंड नव्हतं. तुझ्या नावाच्या आडून लिहिणं सोपं गेलं. म्हणजे तुला आम्ही दोघांनी मिळून वापरलं. त्याबद्दल मला माफ कर, नाही केलंस तरी चालेल. खुर्ची तिची आहे. परवापर्यंत तिचं उत्तर आलं नाही, तर ती नको म्हणते असं समजून मी त्या दोघांपैकी एकाला देईन. तिचा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. हे तिला सांग."

मी ते परत वाचलं. मग परत.

मी काही थोर बाई नाही. मला ती जायला नको होती. ती गेली तर मी तिच्या पाठी, तिनेच घासलेल्या डोळ्यांपुढे, 'तब्येतीला जपा' लिहिणारी बाई म्हणून उरणार होते. तिने मागितलं असतं तर अर्धी कार्यशाळा तिच्या नावावर करून दिली असती. पण ही एक गोष्ट नको. ही एकच गोष्ट मला हवी होती आणि ती माझ्या हातात होती, माझ्या स्क्रीनवर, माझ्या नावाने. कुणी पाहिलं नव्हतं. परवापर्यंत फक्त गप्प राहायचं होतं. मला तर नियमही बनवायची गरज नव्हती.

मी बटणावर बाण नेला. 'काढून टाका'. तिथे तो बराच वेळ ठेवला.

तिने इतकी वर्षं हे कसं केलं असेल, असं मनात आलं. दर वेळी इथे बसायचं, वाचायचं, उत्तर द्यायचं, आणि मग पुसून टाकायचं, आपल्याला आलेलं एवढं एकच. मला तिची कीव आली नाही. मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. मला कुणी आयुष्यात असं काही लिहिलं नव्हतं की जे पुसताना हात जड व्हावा.

"धाकटे," मी हाक मारली.

मशीन चालूच होतं.

"धाकटे, बंद कर ते. तुला मेल आलीये."

घरघर थांबली. ती दारात आली, कोपरापर्यंत पांढरी, घासलेला डोळा मुठीत. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळलं कुणास ठाऊक, ती जागच्या जागी उभी राहिली.

मी खुर्चीतून उठले.

"हात नको धुऊस," मी म्हणाले. "बस आणि वाच. आणि आजच उत्तर दे, तुझ्या नावाने."